नियमवहीतले परके अक्षर



अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातले, हिवरे बाजार हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. न पाहिलेल्यांनी निदान ऐकले असेल. पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाकाठी पाऊस सुमारे चारशे मिलिमीटर, तोही पडला तर. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले आणि पुढे त्या गावाचे रूप पालटले. पाहुणे जातात, डोंगरावरचे समतल चर पाहतात, बांध पाहतात, झाडे पाहतात आणि धन्य होऊन परततात. मला मात्र आज आपल्याशी त्या गावातल्या एका न दिसणाऱ्या वस्तूविषयी बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे गावाचे नियम.

हे नियम आपल्याला माहीत आहेत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी यांसारखी तहानलेली पिके लावायची नाहीत. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची. शिवाय दरवर्षी पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यावर कोणते पीक झेपेल ते ठरवायचे. याला ते पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

यात दोन तऱ्हेचे लिखाण आहे, हे ध्यानात घ्या. पाऊस किती पडला, विहिरीत पाणी किती, ही झाली नोंद. बोअर घ्यायची नाही, आधी पिण्याचे पाणी, हा झाला नियम. नोंद चुकली तर एका वर्षाचा, एका विहिरीचा हिशेब चुकतो. नियमच बदलला तर बरोबर नोंदींतूनही चुकीचेच उत्तर निघते, आणि दरवर्षी निघत राहते.

आता नुसती कल्पना करा. समजा एखाद्या गावच्या अशा नियमवहीत कोणीतरी रात्रीतून एक ओळ घातली : ‘शेतीसाठी बोअर घेण्यास हरकत नाही.’ खाली सही नाही, तारीख नाही. सकाळी ग्रामसेवकाने वही उघडली. त्याने काय करावे? चार वाटा आहेत. एक, लिहिले आहे म्हणजे खरेच असेल असे समजून मुकाट्याने अंमल सुरू करावा. दोन, कोणाला न सांगता ती ओळ खोडून टाकावी. तीन, ‘वहीत गडबड आहे’ म्हणून पंचायतीला कुलूप लावून घरी जावे. आणि चार, कालचा नियम तसाच चालू ठेवावा, नवी ओळ न खोडता तिच्यावर बोट ठेवावे, आणि ग्रामसभेला मोठ्याने सांगावे की ही ओळ अशी अशी आढळली. ही कोणाची, आणि ही हवी की नको?

आपण सगळे चौथ्या वाटेचे नाव घेऊ. आज मला सांगायचे आहे ते एवढेच की, हाच प्रश्न आता गणकयंत्रापुढे रोज उभा राहतो. आणि यंत्राने कोणती वाट धरावी हे पाहणे हे आपलेही काम आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, यंत्राच्या पोटातल्या गोष्टी आम्हांला कशाला? त्याला मी दूध संकलन केंद्राकडे नेईन. सकाळी आपण किटली घेऊन रांगेत उभे राहतो. वजन होते, फॅट आणि एसएनएफ लागते, आणि यंत्र चिठ्ठी काढून देते. वजन बरोबर, फॅट बरोबर. पण पैसे कशावरून काढले? यंत्रात एक दरपत्रक भरून ठेवलेले असते; अमुक फॅटला अमुक दर. त्या पत्रकातली एक ओळ पन्नास पैशांनी खाली आली, तर रोज दहा लिटर घालणाऱ्याचे दिवसाला पाच रुपये जातील, महिन्याला दीडशे. केंद्राला दोनशे घरे दूध घालत असली, तर महिन्याला तीस हजार. आणि चिठ्ठीवर बोट ठेवून ‘हे खोटे आहे’ असे कोणालाही म्हणता येणार नाही. कारण चिठ्ठीतली प्रत्येक नोंद खरी आहे. खोटा झाला तो नियम.

दरपत्रक ही वरची नियमवही झाली. तिच्याखाली आणखी एक असते. दुधाच्या नोंदी, पतसंस्थेची खाती, शाळेतल्या मुलांची हजेरी, सातबाराचे उतारे या साऱ्या नोंदी ज्या कोठारात ठेवतात त्याला डेटाबेस म्हणतात, आणि त्या कोठाराचा कोठावळा म्हणजे डेटाबेसचे सॉफ्टवेअर. या कोठावळ्यालाही आपली नियमवही असते. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. एका वेळी किती माणसांना आत घ्यायचे, कोणत्या दाराने घ्यायचे, कोणाकडे परवलीचा शब्द मागायचा, नोंद झाली की ती लगेच कायम जागी उतरवायची की सवडीने, असे पाच-पन्नास नियम त्यात ओळीओळीने लिहिलेले असतात.

उदाहरणासाठी पोस्टग्रेस नावाचे सॉफ्टवेअर घेऊ. अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये त्याचे काम सुरू झाले. आज ते जगभर वापरले जाते आणि फुकट मिळते. त्याची नियमवही ही साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल असते. ज्याला त्या यंत्रावर लिहिण्याची परवानगी आहे तो ती उघडू शकतो आणि एक अक्षर बदलू शकतो. ‘मग ती कुलुपात का ठेवत नाहीत?’ असे विचाराल. त्याला कारण आहे. यंत्र सुरूच होईना, तर ते दुरुस्त करायला हाताने वाचता येईल, लिहिता येईल अशी वही लागते. विहिरीच्या मोटारीचा फ्यूज जर मोटार चालू असतानाच बदलता येत असता, तर त्याचा उपयोग काय? ओरॅकल या कंपनीच्या डेटाबेसने दुसरा मार्ग घेतला. तिने यंत्रालाच कळेल अशी फाइल केली आणि सांगितले, हिच्यात हाताने लिहू नका. दोन्ही मार्गांना आपापला फायदा आहे, आपापली अडचण आहे. पण वही साधी ठेवली, म्हणजे तिच्यात कधी ना कधी परके अक्षर उमटणार हे धरूनच चालले पाहिजे.

एका ओळीने काय होते, पाहा. पोस्टग्रेसमध्ये एफसिंक नावाचा नियम आहे. तो चालू असला, म्हणजे नोंद पक्की केली असे सांगण्यापूर्वी सॉफ्टवेअर ती खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेते. तो बंद केला, तर काम भराभर होते. कोणी उत्साही माणूस वेग वाढवायला तो बंद करतो, आणि सगळे म्हणतात, ‘वा, काय यंत्र पळते!’ ते वीज जाईपर्यंत. आपल्याकडे वीज केव्हा जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. त्या क्षणी अर्धवट उतरलेल्या नोंदींमुळे सारे कोठारच नासू शकते. दुसरी ओळ दाराची. कोणाकडे परवलीचा शब्द मागायचा ते ठरवणाऱ्या फाइलीत ‘विश्वास’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द लिहिला, तर त्या दाराने येणाऱ्याला ‘तू कोण?’ असे विचारलेच जात नाही. तो सांगेल ते नाव खरे. कोठारातली एकही नोंद बदललेली नाही. पण आता कोणीही बदलू शकतो.

आता मुख्य प्रश्न. अशी अनपेक्षित ओळ आढळली तर चांगल्या सॉफ्टवेअरने कसे वागावे?

पहिली गोष्ट. लिहिले आणि लागू झाले, असे होता कामा नये. पोस्टग्रेस आपली नियमवही सुरू होताना वाचते, आणि नंतर ‘पुन्हा वाच’ असे सांगितले तरच वाचते. मधल्या काळात फाइलीत कोणी काही लिहिले, तरी चालू कारभार जुन्या नियमानेच होतो. सभेत वाचून दाखवल्याखेरीज ठराव लागू नाही, तसेच हे. मात्र यात एक खोच आहे. तीन महिन्यांपूर्वी लिहिलेली चुकीची ओळ निमूटपणे पडून राहते. आणि एखाद्या रात्री वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले की ती जागी होते. लिहिणारा विसरलेला असतो आणि निस्तरणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून पोस्टग्रेसमध्ये अशी सोय केली आहे की, फाइलीत आज काय लिहिले आहे, त्यातली कोणती ओळ सदोष आहे आणि कोणता बदल पुन्हा सुरू करण्याची वाट पाहत पडला आहे, हे कारभार चालू असताना तपासता येते. सोय आहे; वापरणारा हवा.

दुसरी गोष्ट. चालू असताना वागणे वेगळे, सुरू होताना वेगळे. कारभार चालू आहे, आणि पुन्हा वाचताना एखाद्या नियमाची किंमत अर्थहीन आढळली, तर पोस्टग्रेस ती सोडून देते, पहिली किंमत कायम ठेवते आणि रोजनिशीत तशी नोंद करते. दाराच्या फाइलीत चूक असली, तर ती नवी यादी मुळीच न घेता जुन्या यादीवर काम चालवते. पण सुरू होतानाच जर चूक आढळली, तर ते सुरू व्हायलाच नकार देते. वरवर पाहता हे विसंगत वाटेल; ते तसे नाही. चालू असताना हाताशी कालचा खात्रीचा नियम असतो, आणि रांगेत माणसे उभी असतात. सुरू होताना मात्र कालचा नियम स्मरणात नसतो. अशा वेळी अंदाजाने चालण्यापेक्षा थांबून कारण सांगणे प्रामाणिकपणाचे.

तिसरी गोष्ट. दुर्लक्ष करायचे तर ते बोलून करावे. मायएसक्यूएल नावाच्या दुसऱ्या प्रसिद्ध डेटाबेसची एक रीत आहे. आपली नियमवही वाटेल त्याला लिहिता येईल अशी उघडी ठेवलेली दिसली, की ते तिच्यावर विश्वास ठेवत नाही. एक इशारा लिहून ती फाइल बाजूला सारते. यातला सावधपणा मला पटतो. पण पुढे ते कंपनीने घालून दिलेल्या मूळच्या नियमांनी काम सुरू करते, आणि इशारा कोणी वाचला नाही, तर मालक समजत राहतो की आपलेच नियम चालू आहेत. जो इशारा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, तो दिलाच नाही असे समजावे. दवंडी रानात पिटून उपयोग नाही, चावडीपुढे पिटली पाहिजे.

चौथी गोष्ट. वही एक, तर लिहिणारा हातही एकच ठरलेला हवा. २०१४ साली पोस्टग्रेसने आतूनच आज्ञा देऊन नियम बदलण्याची सोय केली, आणि असे बदल दुसऱ्या फाइलीत जाऊ लागले. तिच्या माथ्यावर ‘ही फाइल हाताने बदलू नका’ अशी ताकीद असते, आणि दोन्ही फाइलींत भांडण झाले तर या दुसरीचे खरे धरतात. झाले काय, की कोणी पहिल्या वहीत हाताने दुरुस्ती करतो आणि काहीच फरक पडत नाही म्हणून डोके धरून बसतो. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत ही आतली आज्ञा बंद ठेवण्याचा नियम आला; ज्या ठिकाणी वही बाहेरच्या यंत्रणेकडे सोपवलेली असेल, त्या ठिकाणासाठी. चोराला अडवायला हा उपाय नाही, असे त्याचे कर्तेच सांगतात. दोन प्रामाणिक हातांची टक्कर टाळायला तो आहे. आणि गोंधळ बहुधा प्रामाणिक हातांनीच होतो.

पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. परके अक्षर गुपचूप पुसू नये. पुष्कळ हुशार सॉफ्टवेअरांना मोह होतो की, कोणी वही बदलली, तर आपण आपली जुनी प्रत पुन्हा तिच्यावर डकवावी आणि मोकळे व्हावे. यात दोन धोके आहेत. एक म्हणजे, ती ओळ कदाचित रात्री दोन वाजता अडलेले काम सोडवायला कोणा जबाबदार माणसानेच घातली असेल. ती पुसली, की पुन्हा काम अडेल. दुसरे म्हणजे, ती खोट्या हेतूने घातली असेल, तर पुसण्याने पुरावाच गेला. म्हणून नवी प्रत जपावी, जुनी प्रत जपावी, दोहोंतला फरक तारखेसह मांडावा, आणि निर्णय माणसाकडे न्यावा. यंत्राला अक्षर कळते. हेतू कळत नाही.

हे सारे आपल्याला नवे आहे काय? मुळीच नाही. सातबारा आठवा. जमिनीच्या हक्कात बदल झाला, तर तो १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे आधी फेरफार नोंदवहीत जातो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तो लिहितात. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतात. आणि मगच सातबारावर अंमल येतो. जुने नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक घालतात. उतारे यंत्रात चढवताना चुका राहू नयेत म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. लोकांपुढे नावे, क्षेत्रे वाचून दाखवण्यात आली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. या पद्धतीतही कज्जे होतात, उशीर होतो, हे मी जाणतो. पण त्यामागचा विचार शहाणपणाचा आहे : जुने पुसू नये, नव्याला क्रमांक द्यावा, आणि ज्याचे नुकसान होईल त्याला आधी विचारावे.

आता विरोध पाहा. एका गुंठ्याचे नाव बदलायला आपण एवढी खबरदारी घेतो. आणि ज्या एका ओळीने साऱ्या कोठाराचे दार उघडते, ती ओळ पुष्कळ लहानमोठ्या संस्थांतून एकटा माणूस, एकटाच बसून, कोणाला न विचारता बदलू शकतो. नोंदीला पंधरा दिवसांची नोटीस आणि नियमाला पंधरा सेकंद, हा हिशेब उलटा आहे. चांगले सॉफ्टवेअर यातला काही भाग सांभाळील. उरलेला भाग माणसांनीच सांभाळावयाचा आहे.

म्हणून दूध संस्थेचे, पतसंस्थेचे, सोसायटीचे जे सभासद मला ऐकत आहेत, त्यांनी वार्षिक सभेत चार प्रश्न विचारावेत. आपल्या यंत्राची नियमवही कोठे आहे? तिच्यात लिहिण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे? ती शेवटची केव्हा आणि कशासाठी बदलली? आणि त्याआधीची प्रत कोठे ठेवली आहे? उत्तर देता आले नाही, म्हणून कोणावर संशय घेऊ नका. पण पुढच्या सभेपर्यंत उत्तर तयार ठेवा, असे गोडीने सांगा. दरपत्रकाची छापील प्रत, तारीख आणि सही घालून, केंद्राच्या भिंतीवर लावायला फारसा खर्च येत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक छोटा प्रयोग सुचवतो. बदल झाला की नाही हे यंत्र कसे ओळखते, हे मुलांना फळ्यावर दाखवता येईल. ‘नवाचा ताळा’ आपल्याला ठाऊक आहे. दर ३४ आहे असे धरा. अंकांची बेरीज ७. कोणी त्याचे ३५ केले, तर बेरीज ८ येईल आणि बदल पकडला जाईल. पण कोणी ३४ चे ४३ केले तर? बेरीज पुन्हा ७! ताळा फसला. मग मुलांना विचारा, काय करू या? कोणीतरी चलाख मुलगी सांगेल, अंकाला त्याच्या जागेने गुणू या. ३ एके ३ आणि ४ दुणे ८, मिळून ११. उलट केल्यावर ४ एके ४ आणि ३ दुणे ६, मिळून १०. आता सापडला! यंत्रे याच विचाराची, पण फार पुढे गेलेली रीत वापरतात. केवढीही मोठी फाइल असो, तिचा चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो. फाइलीतला एक स्वल्पविराम बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. शेवटी मुलांना हेही विचारा की, हा ठसा ठेवायचा कोठे? वहीच्याच कपाटात ठेवला, तर वही बदलणारा ठसाही बदलील. म्हणून तो दुसऱ्या हाती, दुसऱ्या जागी हवा. एवढे ज्या मुलांना समजले, त्यांना निम्मा कारभार समजला.

एक गैरसमज राहू नये म्हणून शेवटी सांगतो. नियम बदलूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. हिवरे बाजारातही पिकांचा बेत दरवर्षी पावसाप्रमाणे बदलतो. दुष्काळी वर्षी एक, बऱ्या वर्षी दुसरा. न बदलणारा नियम हा कित्येकदा चुकीच्या नियमाइतकाच जाचक होतो. प्रश्न बदलाचा नाही; बदल कोणापुढे, कोणाच्या सहीने आणि कोणत्या हिशेबावरून झाला, याचा आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आपल्या यंत्राला तेवढी रीत शिकवावी, आणि आपण ते यंत्र घेताना तेवढे विचारून घ्यावे. आपल्या घामाच्या नोंदी आता यंत्राच्या स्वाधीन आहेत. त्या नोंदींवर जो नियम चालतो तो वाचून पाहण्याचा हक्क मात्र आपला आहे. तो आपण वापरावा, एवढीच माझी विनंती.